दवाखाना, खाट आणि दरपत्रक

१३ नोव्हेंबर २०१७ रोजी कर्नाटकातले हजारो खासगी डॉक्टर बेळगावात जमले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तिथल्या सुवर्ण विधानसौधात भरले होते आणि खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या २००७च्या कायद्यात बदल करणारे विधेयक त्या अधिवेशनात येणार होते. आमच्या भागातले काही डॉक्टर आदल्या रात्री यशवंतपूर स्थानकावरून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने गेले. मी गेले नाही, पण संपाची हाक आली तेव्हा माझाही दवाखाना बंद होता.

माझा दवाखाना यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. एक खोली बसायची, एक तपासणीची. खाट एकही नाही. तपासणीचे टेबल आहे, ते मोजायचे असेल तर मोजावे. येणारे लोक म्हणजे बाजारातले हमाल, पीण्याच्या कारखान्यांतले कामगार, शिवणकामाच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका आणि कांद्याचे ट्रक घेऊन आलेले सोलापूर-नाशिककडचे ड्रायव्हर. मी मूळची बेळगावची, त्यामुळे मराठी बोलणारा रुग्ण पत्ता विचारत माझ्याकडेच येतो. संप मिटल्यावर त्यांतल्याच एका हमालाने विचारले, “डॉक्टरबाई, सरकार तुमची फी कमी करणार होतं म्हणून बंद ठेवलं होतं का?” माझी फी तेव्हा शंभर रुपये होती. ती कमी करण्याचा विचार कोणत्याही मंत्र्याने केला नव्हता. तरीही त्याचा प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणे मला जमेना. ज्या कायद्यासाठी शेकडो खाटांची रुग्णालये भांडत होती, त्याच कायद्यासाठी दोन खोल्यांचा दवाखाना का बंद राहिला? याचे उत्तर कर्नाटक राज्यापेक्षा जुने आहे आणि त्याचा बराचसा भाग मुंबईत घडलेला आहे.

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होते. त्यामुळे माझ्या गावचा डॉक्टर कोण, हे ठरवणारा पहिला कायदा मुंबईचाच. १९१२चा मुंबई वैद्यकीय कायदा हा हिंदुस्थानातल्या प्रांतांनी केलेल्या डॉक्टर-नोंदणीच्या कायद्यांपैकी पहिला. मद्रास आणि बंगाल यांनी दोन वर्षांनी त्याचे अनुकरण केले. त्या कायद्याला दिसत होती ती पदवी. मान्य संस्थेचे प्रमाणपत्र असेल त्याचे नाव नोंदवहीत. नसेल तो बाहेर. गावोगावचे वैद्य आणि हकीम असे एका फटक्यात बाहेर राहिले. त्यांच्या नोंदणीसाठी १९३८ साली वेगळा मुंबई कायदा करावा लागला.

खासगी डॉक्टरांची चळवळ मात्र १९१२च्याही आधीची आहे. मुंबईत १८८३ साली ‘बॉम्बे मेडिकल युनियन’ स्थापन झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या हिंदी डॉक्टरांची तक्रार अशी होती, की मोठ्या रुग्णालयांतल्या आणि अध्यापनाच्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. खासगी व्यवसाय करणारा हिंदी डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याला तिथे प्रवेश नाही. या भांडणातून पुढे एक पक्की गोष्ट उभी राहिली. परळला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा विश्वस्तांनी अट घातली, की तिथले अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले हिंदी डॉक्टरच असावेत. १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय त्या अटीसह उभे राहिले. आपल्याकडच्या खासगी डॉक्टरांच्या मोठ्या विजयांत याची गणना व्हायला हवी. मात्र हा विजय रुग्णालयातल्या जागांचा होता. गल्लीतल्या दवाखान्याचा प्रश्न त्यात नव्हता, कारण तो तेव्हा कोणाला प्रश्न वाटतच नव्हता.

तो दवाखाना तेव्हा बहुतांशी पदवीधर डॉक्टर चालवतही नव्हते. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले आयसीएस अधिकारी. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात देशातले नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४ आहेत. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि उरलेले २९,८७० परवानाधारक, म्हणजे वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले. जुन्या गावांत एलएमपी किंवा एलसीपीएस अशी अक्षरे असलेल्या पाट्या असत, त्या यांच्या. खोकला, ताप, बाळंतपण, विंचू, गळू हे सगळे हीच माणसे बघत. भोर समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर हवा अशी शिफारस केली आणि परवान्याचे अभ्यासक्रम बंद होत गेले. समितीतल्या काही सदस्यांनी याला असहमतीची टीप जोडली होती, कारण खेड्यांत जायला डॉक्टर पुरणार नाहीत अशी त्यांची भीती होती. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ साली कॉलेज झाले. शिक्षणाचा दर्जा वाढला, हे नाकारता येत नाही. पण प्राथमिक उपचार करणाऱ्यांचा एक सबंध वर्ग हळूहळू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कोण येणार हे कोणीच ठरवले नाही. समितीने सुचवलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे सरकारने बांधायची होती. ती झाली तिथेही खासगी दवाखाना शिल्लक राहिलाच, फक्त योजनेच्या कागदावर त्याला जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची नजर पदवीवरून खाटेवर गेली. मुंबईचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९चा. त्यात शुश्रूषागृहाची व्याख्या आजारी माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा अशी आहे आणि प्रसूतिगृहही त्यात येते. रुग्ण तपासून घरी पाठवणारा दवाखाना या व्याख्येत बसत नाही. राज्य पुनर्रचनेनंतर कर्नाटकाने १९७६ साली स्वतःचा खासगी शुश्रूषागृहांचा कायदा केला, तोही याच वळणाचा. तोपर्यंत माझ्यासारख्या डॉक्टरला सरकारशी दोनच कामे असत: वैद्यकीय परिषदेत नाव नोंदवणे आणि दुकानासाठी लागतो तसा पालिकेचा परवाना घेणे.

२००७ साली कर्नाटकाने जुना कायदा रद्द करून खासगी वैद्यकीय आस्थापनांचा नवा कायदा आणला. त्याचे नियम २००९ मध्ये आले. या कायद्याने एक लांबलचक यादी केली: रुग्णालय, शुश्रूषागृह, प्रसूतिगृह, प्रयोगशाळा, क्ष-किरण केंद्र, रक्तपेढी, फिजिओथेरपी केंद्र, पॉलिक्लिनिक आणि दवाखाना, खाटा असोत वा नसोत. यादीत येणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करायची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे, दरपत्रक लावायचे. दरपत्रकाविषयी माझी तक्रार नाही. फी आधी सांगावी आणि ती दवाखान्यात लिहून लावावी, हे भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेतच आहे. अडचण यादीच्या पद्धतीत आहे. खाटांच्या आधारे वाढलेल्या कायद्याने दवाखान्याला सामावून घेतले ते ‘खाटा नसलेले रुग्णालय’ म्हणून. मोठ्या रुग्णालयात परवान्यांची कामे बघायला वेगळे कर्मचारी असतात. माझ्याकडे ते काम मी रुग्ण संपल्यावर रात्री करते.

लहान दवाखान्याला वेगळे मोजमाप लावणे कायद्याला जमत नाही, असे मात्र नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या १९९८च्या नियमांत महिन्याला हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्याला परवानगी घ्यावी लागत नव्हती. ही सवलत धोक्याची होती, कारण सुई लहान दवाखान्यातली असली तरी टोचते ती तशीच. २०१६च्या नियमांनी सवलत काढली आणि सगळ्यांना कक्षेत आणले, पण खाटा नसलेल्या दवाखान्यांना परवानगी एकदाच घ्यायची मुभा ठेवली. जबाबदारी पूर्ण, कागद कमी. नियम करणाऱ्याने समोरचा दवाखाना खरोखर डोळ्यांसमोर आणला तर असे नियम होऊ शकतात.

फीचा इतिहास याहून विरळ आहे. इंग्लंडमध्ये १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने सत्तावीस हजारांच्या आसपास डॉक्टरांच्या सह्या घेऊन असहकार पुकारला. भांडण होते दरडोई रकमेचे: एका विमाधारक कामगारामागे वर्षाला डॉक्टरला किती शिलिंग मिळणार, तो आजारी पडो वा न पडो. सरकारने रक्कम वाढवली आणि १९१३च्या जानेवारीत योजना सुरू होईतो डॉक्टरांची फळी फुटून हजारो जण तिच्यात सामील झाले. त्या भांडणात पैसे देणारा आणि घेणारा समोरासमोर बसले होते. म्हणून फी किती असावी हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला.

आपल्याकडे असे एकदाच थोडेफार घडले. कामगार राज्य विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली आली ती पॅनेल पद्धतीने. गिरणी कामगाराने आपल्या वस्तीतला खासगी डॉक्टर निवडायचा आणि योजनेने त्या डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम द्यायची. लालबाग-परळच्या चाळींत ‘पॅनेलचा डॉक्टर’ हा शब्द घरातला झाला, तो यामुळे. दर वेळच्या वेळी वाढत नाहीत ही पॅनेल डॉक्टरांची तक्रार जुनी आहे, आणि रुग्णाला दोन मिनिटांत वाटेला लावतात ही कामगारांची तक्रारही तितकीच जुनी. पण दोन्ही तक्रारी ऐकून घ्यायला एक जागा होती. कर्नाटकाने मुख्यतः विमा योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यांवर भर दिला. आमच्या जवळच्या राजाजीनगरात योजनेचे मोठे रुग्णालय आहे. माझ्याकडे येणारे पीण्याचे कितीतरी कामगार या योजनेचे सभासद असतात. ताप आला, की अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून रांगेत उभे राहण्यापेक्षा ते संध्याकाळी शंभर रुपये देऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या पगारातून कापलेला पैसा माझ्यापर्यंत येत नाही आणि माझी फी त्यांना खिशातून द्यावी लागते.

पुढच्या योजनाही खाटेभोवतीच फिरल्या. २००८ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी कुटुंबाला तीस हजार रुपयांचे संरक्षण देई. कर्नाटकातली वाजपेयी आरोग्यश्री, महाराष्ट्रातली आधी राजीव गांधी यांच्या आणि मग महात्मा फुले यांच्या नावाची योजना, २०१८ची आयुष्मान भारत, या सगळ्यांत माणूस दाखल झाल्यावर पैसा सुटतो. मधुमेह वीस वर्षे आटोक्यात ठेवणाऱ्या डॉक्टरसाठी त्यांत रकाना नाही. त्याच मधुमेहाने पाय कापावा लागला तर आहे.

अशा पार्श्वभूमीवर २०१७चे विधेयक आले. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांची समिती आधी नेमली गेली होती. त्यानंतर जूनमध्ये आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांनी विधेयक मांडले. उपचारांचे दर सरकार ठरवणार, जास्त घेतल्यास दंड आणि तुरुंगवास, जिल्हा पातळीवर तक्रार निवारण, रुग्णांच्या हक्कांची सनद, थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई, ही त्याची मुख्य कलमे. डॉक्टरांचे म्हणणे असे, की सेन समितीच्या शिफारशी बाजूला ठेवल्या, सरकारी रुग्णालयांना कायद्यातून वगळले आणि वैद्यकीय परिषद व ग्राहक न्यायालय असताना तिसरे न्यायासन कशाला? ग्राहक न्यायालयाचा उल्लेख खरा होता. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली होती.

३ नोव्हेंबरला बाह्यरुग्ण विभाग बंद राहिले, १३ तारखेला बेळगाव, १६ला बंगळूर. उपचार न मिळाल्याने रुग्ण दगावल्याच्या बातम्या त्या आठवड्यात रोज छापून येत होत्या. उच्च न्यायालयाने डॉक्टरांना कामावर परतण्यास सांगितले. १७ तारखेला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याशी बोलणी होऊन संप मिटला आणि त्याच अधिवेशनात विधेयक सौम्य होऊन मंजूर झाले. जास्त दरासाठीचा तुरुंगवास गेला. दरनिश्चिती सरकारी योजनांतल्या उपचारांपुरती उरली. मृतदेह न अडवण्याचे कलम राहिले. नोंदणी आणि तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या एकाच प्राधिकरणाकडे गेल्या.

हा निकाल वाचताना मला हमालाचा प्रश्न पुन्हा दिसतो. दरनिश्चितीचे कलम ज्यांच्या बिलांवर बेतले होते, त्यांना दिलासा मिळाला. नोंदणी, नूतनीकरण, तपासणी, फलक हे सगळे जसेच्या तसे राहिले, आणि लहान दवाखान्याची खरी दमछाक त्यांतच होते. रस्त्यावर गर्दी लागते तेव्हा संख्येने जास्त असलेले लहान डॉक्टर उपयोगी पडतात. वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचे मागणे सगळ्यात खाली जाते. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. ‘खासगी वैद्यकीय आस्थापना’ या एका शब्दाने कायद्याने आम्हाला एकत्र बांधले आणि आम्हीही ती बांधणी न तपासता स्वीकारली.

दुसरी बाजूही मांडायला हवी. विधेयकाच्या पाठीशी कर्नाटक जनारोग्य चळवळीसारख्या संघटना उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे आलेली माणसे खोटे बोलत नव्हती. महाराष्ट्रात डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ साली ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक इंग्रजीत आणले. अनावश्यक तपासण्या, रुग्ण पाठवल्याबद्दलचे कमिशन, रुग्णालयांनी डॉक्टरांना दिलेली लक्ष्ये, हे त्यात डॉक्टरांनीच सांगितले आहे. ही कमिशनची साखळी पुष्कळदा लहान दवाखान्यातून सुरू होते. प्रामाणिक दवाखान्याला वेगळी वागणूक हवी असेल तर त्याने कमिशन घेत नाही हे दाखवण्याची तयारी ठेवली पाहिजे, आणि रुग्णाची तक्रार ऐकणारी जागा नको असे म्हणता कामा नये.

तीन वर्षांनी कोविड आला आणि दर ठरवताच येत नाहीत हा युक्तिवाद निकालात निघाला. २१ मे २०२०च्या आदेशाने महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दिवसाचे दर बांधले: साधा कक्ष ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. कर्नाटकाने जूनमध्ये स्वतःहून आलेल्या रुग्णांसाठी कमाल दर १०,००० पासून व्हेंटिलेटरसह २५,००० रुपयांपर्यंत ठरवले. महाराष्ट्राच्या आदेशाच्या आधाराला १८९७चा साथरोग कायदा होताच, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी झाला होता. दोन्ही दरपत्रके मी आजही जपून ठेवली आहेत. त्यांत खाटेचा दर आहे, व्हेंटिलेटरचा आहे. पहिल्या दिवशी ताप घेऊन येणाऱ्या माणसाला तपासून, ऑक्सिजन मोजून, घरी ठेवायचे की पाठवायचे हे ठरवणाऱ्या दवाखान्याविषयी त्यांत एक ओळही नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि दरफलक आणले, तेही १९४९च्याच व्याख्येवर उभे राहून.

मग न्याय्य काय? माझ्या मते तीन गोष्टी. खाटा नसलेल्या दवाखान्यांसाठी वेगळी, सोपी नोंदणी, ज्यात स्वच्छता, कचरा, नोंदी आणि फी एवढेच पाहिले जाईल, पण ते खरोखर पाहिले जाईल. रुग्णाला चालत जाता येईल इतक्या जवळ तक्रारीची सोय, तिथे डॉक्टरही असावा आणि डॉक्टर नसलेली माणसेही. आणि मुंबईच्या पॅनेलसारखी, त्यातल्या चुका टाळून, दरडोई रक्कम देणारी सार्वजनिक योजना, म्हणजे हमालाला माझ्याकडे येताना खिसा चाचपावा लागणार नाही आणि माझी फी वाजवी आहे की नाही हे चारचौघांत विचारता येईल.

यांतली तिसरी गोष्ट मागणे डॉक्टरांच्या संघटनांना अवघड जाते, कारण पैसे देणारा आला की हिशेब मागणाराही येतो. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तो हिशेब चुकवायचा प्रयत्न केला आणि शेवटी त्यावरच त्यांचा दवाखाना टिकला. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत तीन जुने दवाखाने बंद झाले. त्यांच्या मुलांनी वैद्यकी शिकली, पण दोन खोल्या चालवायला कोणी बसले नाही. त्या दवाखान्यांचे रुग्ण आता तापासाठीही मोठ्या रुग्णालयाच्या दारात उभे असतात, जिथे फी वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि डॉक्टर दर वेळी नवा.